वाकळेचा हंगाम

कोकणातल्या घरांना पावसाळ्याची भीती नसते, पण त्याचा हिशेब मात्र असतो. रोहिणी सरून मृग लागण्याच्या आत काय काय घरात यायला हवे, याची यादी प्रत्येक गृहिणीला तोंडपाठ असते. वाळलेली लाकडे, आमसुले, सांडगे-पापड, फणसाच्या आठळ्या, वर्षाचे मसाले. या तयारीला आगोटीची बेगमी म्हणतात. त्या यादीत पूर्वी आणखी एक नोंद हमखास असे. धुऊन, कडकडीत वाळवून, फाटले असेल तेथे ठिगळ लावून घडी घातलेल्या वाकळा, आणि जमल्यास एखादी नवी. नवी वाकळ शिवायची तर ती शिमगा ते वैशाख याच दिवसांत. भात कापून, झोडून घरात आलेले असते, लावणीला अवकाश असतो, खळ्यातली जमीन सारवून कोरडी असते आणि शेजारणींना दुपार मोकळी असते. यातले एक जरी नसले तरी वाकळ होत नाही, कारण ती पसरायला ऐसपैस जागा लागते, वाळवायला ऊन लागते आणि शिवायला एकाहून अधिक जणींचे हात लागतात.

फोंडाघाट हे कणकवली तालुक्यातले, देवगड–निपाणी मार्गावरचे, सह्याद्रीच्या ऐन पायथ्याचे बाजाराचे गाव. घाट चढला की दाजीपूर, पुढे राधानगरी, मुधाळतिट्टा आणि निपाणी. घाटमाथ्यावरून गूळ, धान्य आणि कापड खाली यावे, खालून मीठ, नारळ, सुपारी आणि कोकम वर जावे, हा या वाटेचा जुना व्यवहार. आपल्या वाचकांपैकी कित्येकांची सोयरीक घाटाच्या वर आणि दुकान घाटाच्या खाली, किंवा त्याच्या उलट, अशी स्थिती असेल. किनाऱ्यावरच्या मालवण-देवगडपेक्षा पायथ्याच्या गावांत पौष-माघातली पहाट चांगलीच बोचरी असते, आणि पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही. अशा हवेत पांघरूण कसे असावे, याचे उत्तर येथल्या बायकांनी आपल्या हातांनी शोधले होते.

या पांघरुणाला नावे अनेक. पुण्याकडे गोधडी, कोल्हापूर आणि दक्षिण कोकणात वाकळ, सीमाभागात कानडी वळणाची कौदी. चार पदरांची ती चौघडी आणि तान्ह्या बाळाचे ते दुपटे. रजईपासून तिचा भेद सोपा आहे: रजईच्या पोटात कापूस असतो, वाकळेच्या पोटात कापडच असते. घाटावरच्या घोंगडीशीही तिचे नाते नाही. घोंगडी लोकरीची आणि मागावर विणलेली. वाकळ सुती, न विणलेली, केवळ धावदोऱ्याने एकजीव केलेली. तिच्यासाठी नवीन काहीच विकत आणावे लागत नसे, सुई सोडून. दोरासुद्धा पुष्कळदा जुन्या कापडाच्या काठातून उसवून काढलेला असे.

ती होते कशी, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगायला हवे. प्रथम जुनी लुगडी, धोतरे, पंचे, चादरी धुऊन त्यांची खळ आणि मळ पूर्ण काढायचा. शिवणी उसवायच्या, गुंड्या काढायच्या. सारवलेल्या जमिनीवर सर्वांत मजबूत कापड खाली ताणून पसरायचे आणि त्याच्या कोपऱ्यांवर वरवंटा किंवा पाट ठेवायचा. त्यावर फाटके, विटके तुकडे अंथरायचे. तुकड्याच्या कडेवर दुसऱ्या तुकड्याची कड येऊ द्यायची नाही, नाहीतर तेथे गाठ होते आणि ती अंगाला रात्रभर बोचते. हे अंथरणे खरे कौशल्याचे. वरचा पदर त्यातल्या त्यात देखण्या कापडाचा. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे पदर एकमेकांना धरायचे, म्हणजे पुढे कापड सरकत नाही. कडेला लुगड्याचा काठ दुमडून लावतात, कारण कोणतीही वाकळ प्रथम कडेलाच झिजते आणि लुगड्यात काठ हाच सर्वांत टिकाऊ भाग. त्यानंतर चौघीजणी चार बाजूंना बसतात, आणि कडेपासून मध्याकडे, चौकोनात चौकोन अशा धावदोऱ्याच्या रांगा सुरू होतात. बोलणे चालू राहते, रांग चुकत नाही.

आपण व्यापारी माणसे. या कामाचा हिशेब एकदा मांडून पाहू. सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद अशी एक साधी वाकळ घेऊ, आणि दोन रांगांत पाऊण इंचाचे अंतर धरू. या मापाने दोऱ्याच्या सगळ्या रांगांची लांबी भरते सुमारे ४३२ फूट. इंचाला तीन टाके धरले तर एका वाकळेत साडेपंधरा हजारांहून अधिक टाके येतात. सराईत हात सुईवर एकदम चार-पाच टाके भरून घेतो. सरासरीने मिनिटाला दहा टाके पडतात असे मानले तरी नुसत्या शिवणकामाला २६ तास लागतात. धुणे, उसवणे, अंथरणे, कच्चे टाके हे सारे वेगळे. तासाला ५० रुपये ही काही मोठी मजुरी नव्हे. त्या दराने केवळ टाक्यांचे १,३०० रुपये होतात. घरातल्या बाईने शिवलेल्या वाकळेची किंमत आजवर कोणी लावली नाही याचे कारण ती स्वस्त होती हे नव्हे. तिचे तास कोणत्याच वहीत लिहिले जात नव्हते, एवढेच.

वाकळ मागे पडली त्याला बायकांचा आळस कारणीभूत आहे, असे सरसकट म्हटले जाते. ते मला पटत नाही. कच्चा मालच नाहीसा झाला, हे पहिले कारण. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट सुती कापड. त्यातून सहा फुटांचे चार पदर निघतात आणि वर तीन फूट ठिगळांसाठी उरते. पन्हा साडेचार फुटांना किंचित कमी पडतो तेवढी पट्टी जोडली की झाले. म्हणजे घरातल्या आजीचे एक लुगडे निवृत्त झाले की एका चौघडीची सोय आपोआप होई. आजीबरोबर नऊवारी गेली, पाचवारी आली. पुढे पाचवारीतही सुताच्या जागी नायलॉन आणि पॉलिएस्टर आले. ते फाटत नाही, म्हणून वाकळेसाठी उतरत नाही. शिवायला घेतलेच तर सुईखाली सरकते, घाम टिपत नाही, अंगाशी मऊ होत नाही. घाटाच्या वरच, इचलकरंजीला, १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि तेथून ते गाव सुती कापडाची पेठ झाले. या पेठेचा माल पिढ्यान्‌पिढ्या दुकानात मांडणाऱ्या घरांतल्या कपाटात आज जुने सुती लुगडे शोधावे लागते, हा काळाचा विनोद म्हणायचा.

दुसरे कारण, शिवून देणारे यंत्र दारी आले. घाटावर गावोगाव टेम्पोत शिवणयंत्र ठेवून फिरणारे लोक जुन्या कपड्यांच्या गोधड्या तासाभरात शिवून देतात. त्यांच्या कामाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पदर एकत्र राहतात, थंडी अडते. मात्र यंत्राचा टाका कापडाला घट्ट आवळतो आणि जुन्या कापडाला तो आवळ सोसत नाही, शिवणीलगतच फाटते. हाताचा धावदोरा सैल असतो, धुतल्यावर कापडाबरोबर आटतो आणि वाकळेला ती ओळखीची सुरकुती येते. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो फ्रान्समधल्या प्रकाशनसंस्थेने काढला. आपल्या माळ्यावरची वस्तू परक्या देशाने पुस्तकात बांधून घेतली, एवढे तरी आपण लक्षात घ्यावे.

परदेशात या कामाची मंडळे असतात. त्यांना गिल्ड म्हणतात. ब्रिटनमधले देशव्यापी गिल्ड १९७९ मध्ये स्थापन झाले. अमेरिकेत तर लहान-मोठ्या गावांतून अशी मंडळे आहेत. सभासद महिन्यातून एकदा चर्चच्या किंवा ग्रंथालयाच्या दालनात जमतात, पुरे झालेले काम एकमेकींना दाखवतात, नवशिकीला सुई कशी धरावी ते शिकवतात आणि वर्षाकाठी ठरावीक पांघरुणे बाहेर द्यायची असा नियम करतात: दिवसांआधी जन्मलेल्या बाळांना, आगीत घर गमावलेल्यांना, वृद्धाश्रमांना. हे वाचताना आपल्या महिला मंडळांची आठवण येते, आणि एक फरकही जाणवतो. त्यांच्या दानात त्यांचे तास असतात. आपल्या दानात बहुधा आपली पावती असते.

या मंडळांपैकी एकाची कथा व्यापारी घरांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात विल्कॉक्स नावाचा परगणा आहे. १९६० च्या दशकात तेथल्या कृष्णवर्णीय कुळांनी मतदार म्हणून नावे नोंदवायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांना जमीनमालकांनी घरांतून आणि शेतांतून काढून टाकले. त्यांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आलेल्या होत्या. १९६६ मध्ये त्यांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. गोधड्या न्यूयॉर्कमध्ये लिलावाने विकल्या गेल्या, पुढे सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीकडून उशांच्या अभ्र्यांची कामे मिळाली. संस्थेने जमीन विकत घेतली आणि तिच्यातले काही तुकडे बेघर झालेल्या कुटुंबांना घरांसाठी विकले. ज्या वस्तूला घरात कोणी मोल देत नव्हते तिच्यावर घरे उभी राहिली. त्याच परगण्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागल्या, ही पुढची गोष्ट. मला पहिली अधिक मोलाची वाटते.

आणि इतके लांब जायचेही कारण नाही. फोंडाघाटाहून दक्षिणेला, गोव्याच्या पलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-मुंडगोडच्या जंगलपट्टीत सिद्दी समाजाची गावे आहेत. आफ्रिकेतून काही शतकांपूर्वी या किनाऱ्यावर आणल्या गेलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या घरांत कोकणीशी आणि मराठीशी जवळीक असलेली बोली ऐकू येते. त्यांच्या गोधडीला कवंद म्हणतात. रंगीत तुकडे एका कोपऱ्यापासून शिवायला घेतात आणि कडेकडेने फिरत मध्यापर्यंत जातात. शेवटी चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ बसवतात. ती नसली तर कवंद उघडे राहिले असे त्या बायका मानतात. अमेरिकेतले कलाअभ्यासक हेन्री ड्रेवल यांच्या साहाय्याने २००४ मध्ये तेथे बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि कवंदे बाहेरच्या बाजारात जाऊ लागली. वाकळ आणि कवंद या एकाच डोंगररांगेच्या आधाराने राहिलेल्या बहिणी आहेत, असे दोघींना शेजारी ठेवून पाहिले की वाटते.

आता सेवेविषयी. दर हिवाळ्यात आपली मंडळे ब्लँकेटवाटप करतात. ही ब्लँकेटे बहुतेक वेळा पानिपतच्या कारखान्यांतून येतात, जुन्या लोकरी आणि कृत्रिम कपड्यांचा पिंजलेला धागा वापरून बनवलेली. ती स्वस्त पडतात, एका दिवसात शंभर घेता येतात, छायाचित्रात नीट दिसतात. त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. महापूर आला असेल तर तीच योग्य. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कोल्हापूर-सांगलीकडे अशाच पांघरुणांची गरज होती. ओली वाकळ दोन माणसांनी पिळली तरी लवकर वाळत नाही, म्हणून भर पावसात ती पाठवणे हे अज्ञानाचे दान ठरेल. जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांचेही तसेच. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत आलेले कितीतरी कपडे कोणाच्याच उपयोगी न पडता रस्त्याकडेला पडून राहिले. ‘गूंज’ या संस्थेने ते गोळा करून निवडले आणि त्यांतल्या सुती कापडाचा स्त्रियांच्या आरोग्यासाठी उपयोग केला. जुन्या कापडाच्या सुजनीही ही संस्था करून घेते. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उरलेले कापड हा कचरा नव्हे, आणि न निवडता दिले तर ते दानही नव्हे, हा त्यांच्या कामाचा आशय व्यापाऱ्याला लगेच उमगावा. माल निवडल्याशिवाय आपण ग्राहकापुढे कधी टाकतो का?

वाकळेला तिची खरी जागा आहे ती हिवाळ्यात, आणि ती घाट चढून गेल्यावर लगेच दिसते. दिवाळीच्या सुमारास बीड-नगर भागातून ऊसतोड कामगारांची कुटुंबे कोल्हापूर जिल्ह्यात उतरतात आणि होळीपर्यंत उसाच्या फडाजवळ कोप्यांत राहतात. पाचटाची कोपी, ओल्या मातीवरचे अंथरूण, पहाटे तीन-चारला सुरू होणारा दिवस आणि सोबत लहान मुले. त्यांना पातळ ब्लँकेटापेक्षा जाड वाकळ अधिक उपयोगी, कारण ती खाली अंथरता येते आणि जमिनीची ओल पाठीला लागू देत नाही. शिमगा ते वैशाख या दिवसांत शिवलेली वाकळ कडुलिंबाचा पाला घालून कोरड्या पेटीत पावसाळाभर ठेवली, ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस टाकली, की दिवाळीनंतर द्यायला तयार. आपल्या मंडळाचा वर्षाचा क्रम याच ऋतूंवर बसवता येईल. दिवाळीच्या आवराआवरीत कापड जमा करायचे, पौष-माघात धुऊन निवडायचे, शिमग्यानंतर शिवायला बसायचे. चातुर्मासात प्रवचनाहून परतल्यावरच्या दुपारी लहान कामे होतील, दुपट्यांची आणि दुरुस्तीची, कारण त्यांना अंगण लागत नाही, पडवी पुरते.

मात्र येथे एक सीमा स्पष्ट आखली पाहिजे, आणि या लेखाचे कारणच ते आहे. सेवेची वाकळ आपण आपल्या हातांनी शिवावी. फोंडाघाटाच्या वाड्यावस्त्यांतल्या ज्या बायकांच्या बोटांत हे कौशल्य अजून आहे, त्यांना बोलावून ‘समाजसेवा आहे’ म्हणून फुकट शिवून घेणे, हे दान आपल्या नावावर आणि श्रम त्यांच्या नावावर असे होते. त्यांच्याकडून शिवून घ्यायची असेल तर वर मांडलेल्या हिशेबाने मजुरी द्यावी, आणि शिकवायला बोलावले तर शिकवण्याचे मानधन द्यावे. बचत गटांच्या प्रदर्शनांत हाताची गोधडी दिसली की घासाघीस सुरू होते, असे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. ‘जुन्या कपड्यांचीच तर आहे’ हा त्यातला ठरलेला युक्तिवाद. सोन्याच्या मजुरीवर आपण असे बोलत नाही. ज्या दुकानात ताग्याला मापाने भाव आहे, तेथे टाक्यालाही भाव असायला काय हरकत आहे?

कापडाबाबत दुकानदारांचे साहाय्य मोठे होऊ शकेल. ताग्याच्या शेवटी राहिलेला वार-दीड वार, शर्टिंगच्या नमुन्यांची जुनी पुस्तके, डाग पडलेला मांजरपाट, हंगाम उलटलेली सुती चादर हे सारे वेगळ्या पेटीत पडावे. सुती आणि कृत्रिम यांची भेसळ नको. शंका आली तर एक धागा काढून जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळून मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून टणक मणी होतो. हे जुन्या कापड व्यापाऱ्यांना सांगायला नको, पण पेढीवर बसलेल्या नव्या मुलांना दाखवायला हरकत नाही. नवे कापड असेल तर दोन वेळा धुऊन खळ काढावी, नाहीतर सुई अडते आणि पहिल्या धुण्यातच पदर कमी-अधिक आटून वाकळ वेडीवाकडी होते. जुने आणि नवे मिसळायचे असेल तर नवे तळाला, जुने आत, आणि अंगाला लागणारा पदर पुन्हा जुना.

पहिल्याच वर्षी मोठ्या वाकळेला हात घालू नये. तीन फुटी चौरस दुपट्यापासून आरंभ करावा. वरच्याच मापाने त्यात १४४ फूट दोरा आणि पाच हजारांच्या वर टाके येतात, म्हणजे चौघींना दोन-तीन दुपारींचे काम. दोनच पदर, पूर्ण सुती, गुंडी-मणी-टिकली काही नको. ग्रामीण रुग्णालयात किंवा अंगणवाडीत देताना ते बाळाच्या अंगाखाली अंथरायचे आहे, झोपेत तोंडावर येईल असे सैल पांघरायचे नाही, हे आईला समजावून सांगावे. पूर्वी बाळंतविड्यात कुंची-टोपऱ्याबरोबर दुपटे असे ते आजीच्या धुतधुत मऊ झालेल्या लुगड्याचे, आणि त्याच कारणाने. अशा एखाद्या लुगड्याचा शोध माळ्यावरच्या ट्रंकेत आताच घेऊन ठेवावा. दिवाळीच्या आवराआवरीत ते चुकून भांडीवालीकडे जाते.